चौदा नंबरच्या घरचं ताट

नुबियाने हिरव्या डब्याचं झाकण उघडलं, डबा रिकामा आहे हे जादूगारासारखं चारी बाजूंनी फिरवून दाखवलं आणि पाठ केलेलं बोलायला लागली.

"साली, देठं, पाला, अंड्याची टरफलं, कॉफीचा चोथा. जे जे कच्चं ते सगळं चालेल. शिजवलेलं काही नाही. भात नाही, राजमा नाही, हाडं नाहीत. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दारात ठेवायचा. गाडी येऊन घेऊन जाईल."

हिल्दार्दो न्हावी एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस फासत होता. त्याने ब्रश तसाच हवेत धरला.

"म्हणजे सत्तावीस वर्षं जे सांगत आलीस, त्याच्या बरोबर उलट."

"उलट."

"तेव्हा म्हणायचीस, लिंबाची साल टाकू नका, टरफलं टाकू नका, कॉफी तर अजिबात नको, डुकरांना झोप येत नाही. माझी बायको कॉफीचा चोथा रस्त्यापलीकडे जाऊन टाकून यायची."

"आता इथंच टाका म्हणावं. तेवढेच पाय वाचतील."

"तुझी डुकरंच बरी होती. राजमा पचवायची. या नगरपालिकेचं पोट फारच नाजूक दिसतंय."

खुर्चीतलं गिऱ्हाईक हसायला लागलं, तसा हिल्दार्दोने त्याचा जबडा धरला. नुबियाही हसली. सगळं हसण्यावारी न्यायचं असं तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं, नाहीतर एकेका दारात रडत बसावं लागलं असतं.

"आणि नाताळचं काय?" हिल्दार्दोने विचारलं. "गाडीवाला मटण आणून देणार का?"

"कागद देईल. तुमच्या सालींचं खत झालं असं छापलेला."

"तळता येतो का तो?"

नुबियाने डबा त्याच्या स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला, यादीत त्याच्या नावापुढे खूण केली आणि बाहेर पडली. अंगावर नगरपालिकेचं निळं जॅकेट होतं. ते काखेत काचत होतं.

लोमा वेर्दे गावात तीन रस्ते, तिन्ही चढाचे, आणि एकेचाळीस घरं. या घरांच्या पायऱ्यांवर रोज सकाळी एकेक बादली ठेवलेली असायची, आणि नुबिया हातगाडीवर दोन पिंपं लादून ती रिकामी करत जायची. नवरा गेल्यापासून हेच तिचं काम. खरकटं डुकरांना, आणि डिसेंबरात डुकरांतलं गावाला. त्या महिन्यात ती एक डुक्कर कापायची, एकेचाळीस बादल्या राखेने घासायची आणि प्रत्येकीत केळीच्या पानात गुंडाळलेला मांसाचा तुकडा आणि रक्ती भरलेलं हातभर आतडं घालून ज्याची बादली त्याच्या पायरीवर नेऊन ठेवायची. कुणी मागायचं नाही, कुणी आभार मानायचं नाही. बादली गेली की भरून येणारच, असं सगळे धरून चालले होते.

जुलैत नगरपालिकेचा नियम आला. गावाच्या हद्दीत डुकरं नकोत, आणि हद्दीबाहेरही त्यांना घरचं खरकटं घालायचं नाही, रोग पसरतो. त्याच आठवड्यात मेदेयीन शहरातून यूरानी नावाची मुलगी एकेचाळीस हिरवे डबे घेऊन आली. इंजिनिअर होती. वय असेल चोवीस-पंचवीस. दोन दिवस ती एकटी दारोदार फिरली आणि पडद्याआडून डोकावणाऱ्या बायकांनी तिला "घरात कुणी नाही" असं स्वतःच सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिने चौकशी केली, की या गावात असं कोण आहे ज्याच्यासाठी सगळी दारं उघडतात? लोकांनी नुबियाचं नाव सांगितलं. काम तीन महिन्यांचं होतं. नाही म्हणून डुकरं राहणार असती तर ती नाही म्हणाली असती.

दारं तर उघडायचीच, पण नुबियाला दारं उघडायची गरजही नव्हती. तिला सगळी घरं बादलीतून माहीत होती. बटाट्याच्या साली पातळ निघायला लागल्या की त्या घरातली नोकरी गेली असं समजायचं. हिल्दार्दोच्या थोरलीला दिवस गेलेत हे तिच्या आईच्या आधी नुबियाला कळलं होतं, कारण आठवडाभर अंडी जशीच्या तशी बादलीत येत होती. ती कुणाचं कुणाला सांगायची नाही. खरकटं उचलणाऱ्या बाईने तोंड उघडलं तर दुसऱ्या दिवशी पायरीवर बादली नसते, एवढं तिला कळत होतं.

चौदा नंबरच्या बादलीत मात्र समजून घेण्यासारखं काही नव्हतं, कारण ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. तिथं रोज एक पूर्ण ताट असायचं. राजमा, भात, पिकलेल्या केळ्याचे तळलेले काप, मक्याची जाड भाकरी, आणि जमेल त्या दिवशी मांसाचा तुकडा. एल्विराबाईंचा मुलगा आर्सेसियो दुधाची गाडी चालवायचा. एकोणीस वर्षांपूर्वी दुपारी जेवायला बसणार तोच बाहेर कुणीतरी त्याला हाक मारली. "ताट झाकून ठेव, आलोच," म्हणाला आणि गेला. त्या वर्षी बंदूकवाल्यांनी या डोंगरांतून असे पुष्कळ जण नेले. दुधाची गाडी आठ दिवसांनी दरीत सापडली. तो सापडला नाही.

तेव्हापासून एल्विराबाई रोज दुपारी त्याचं ताट वाढून झाकून ठेवायच्या. ते रात्रभर टेबलावर राहायचं, कारण सुटलेला माणूस कधीही येऊ शकतो आणि तो चालत येतो. सकाळ झाली, तो आला नाही, की ताट बादलीत जायचं आणि दुपारी नवं वाढलं जायचं. एकदा पाद्रीबाबांनी सुचवलं, की अन्न टाकण्यापेक्षा एखाद्या गरिबाला द्यावं, पुण्य लागेल. एल्विराबाईंनी कधी नव्हे तो आवाज चढवला. जनावराने खाल्लं तर ते उरलेलं होतं, म्हणाल्या, पण त्या ताटावर दुसरा माणूस बसवला तर माझा मुलगा आल्यावर बसेल कुठे? पाद्रीबाबा पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

म्हणून नुबियाने चौदा नंबर शेवटी ठेवला होता. चाळीस घरांपुढे खुणा झाल्या, तरी ती आज-उद्या करत राहिली. शेवटी यूरानीच म्हणाली, "चला, मी येते बरोबर. म्हाताऱ्या माणसांना मी नीट समजावते." नुबियाने वाटेत तिला सांगायला हवं होतं. दोनदा तोंड उघडलंही. पण चढ होता, दम लागला होता, आणि असली गोष्ट सांगायला सुरुवात कुठून करायची हे तिला सुचलं नाही.

एल्विराबाईंनी दोघींना बसवलं, कॉफी दिली. टेबलाच्या एका टोकाला ताटावर पांढरं फडकं होतं आणि त्यावर माशी बसू नये म्हणून उलटी टोपली. यूरानीने डबा कसा उघडायचा ते दाखवलं, मग खिशातून घडीचा कागद काढून त्यातली चित्रं दाखवली. छान बोलली. बोलताना म्हातारीच्या हातावर हातही ठेवला.

"म्हणजे शिजवलेलं घालायचं नाही," एल्विराबाई म्हणाल्या.

"नाही, आजी."

"मग ते काय करायचं?"

"ते उरूच द्यायचं नाही! आमचं तेच तर सांगणं आहे. नुबियाबाई म्हणाल्या तुम्ही एकट्याच असता. मग लागेल तेवढंच शिजवायचं. रोज थोडं कमी करून बघा."

नुबियाने कपात डोकं घातलं.

"किती कमी करू, मुली?" एल्विराबाईंनी विचारलं.

त्यांनी खरंच विचारलं होतं. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. यूरानी हसतच होती, पण तिने टेबलाकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोतल्या, दुधाच्या गाडीशेजारी उभ्या पोराकडे पाहिलं, आणि तिचं हसू ओठांवरच राहिलं. ती लवकर उठली. बाहेर पडून वळणापर्यंत भरभर चालत गेली.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" ती शेवटी म्हणाली.

"सांगणारच होते."

"मी काय बोलून बसले, बाई."

"तू कागदात होतं ते बोललीस."

यूरानीने नाक पुसलं आणि यादीत चौदा नंबरपुढे स्वतःच खूण केली.

नुबिया मात्र अर्ध्या वाटेवरून परत फिरली. एल्विराबाई अजून दारातच उभ्या होत्या, हिरवा डबा पोटाशी धरून. नुबिया धापा टाकत म्हणाली, "तुम्ही आपली जुनी बादली ठेवत जा. मी येईन."

"डुकरं ठेवायची नाहीत ना?"

"गावात नाहीत ठेवायची. माझी भाच्याकडे नेणार आहे, पलीकडच्या खोऱ्यात. तिथं कोण विचारतंय."

"मग तू रोज तिथवर जाणार?"

"जातेच मी. त्याच्या कोंबड्या बघायला जावंच लागतं."

नुबियाला भाचा होता. तो पनामात होता.

एल्विराबाईंनी मान डोलावली. त्यांनी हिरवा डबा पायरीवर उपडा ठेवला आणि त्यावर जिरेनियमची कुंडी मांडली, डब्याचा तेवढाच उपयोग असल्यासारखी.

डुकरं सप्टेंबरात गेली. दोन डुकरिणी आणि एक पोसलेला नर. घेणारा ट्रक घेऊन आला होता. डुकरिणी फळीवर चढेनात, तेव्हा नुबियाने रिकामी बादली पुढे धरून खडखडवली आणि त्या मुकाट तिच्या मागे चढल्या. ट्रकवाला म्हणाला, बाई, हे बरं शिकवलंय. ती खाली उतरली, गोठ्याचं दार नेहमीसारखं कडी लावून बंद केलं, आणि मग आत काहीच नाही हे ध्यानात येऊन तिथंच खरकटं ओतायच्या डोणीच्या काठावर बसली. किती वेळ बसली ते तिचं तिलाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौदा नंबरची बादली घेऊन ती घरी आली. सवयीने गोठ्यात गेली आणि डोणीत ओतली. तासाभरात गिधाडं उतरली. काळी, वाकड्या मानेची तीन गिधाडं आर्सेसियोचा भात टोचत बसलेली पाहून तिने त्यांना दगड मारले, शिव्या घातल्या. ती उडून छपरावर बसली आणि तिची पाठ वळायची वाट बघू लागली. तिसऱ्या दिवशी तिने ते शेजारच्या कुत्र्याला घातलं. कुत्र्याने मांस खाल्लं आणि राजम्यावर पाय वर केला.

चौथ्या दिवशी तिने स्वतः खाल्लं.

भूक होती हे खरं. पण नुसती भूक असती तर तिने आधीच खाल्लं असतं. एल्विराबाई ताट बादलीत उलटं करायच्या नाहीत, हे तिने पूर्वीही पाहिलं होतं. स्वच्छ घासलेल्या बादलीत आधी केळीचं पान, त्यावर सगळं एकेका जागी ठेवलेलं, भाकरी वरच्या अंगाला, ओल लागू नये अशी. एकोणीस वर्षं ती बाकीच्या चाळीस बादल्यांबरोबर हीही पिंपात रिकामी करत आली होती, आणि पिंपात पडलं की सगळं सारखंच दिसायचं. आता एकच बादली होती. ती गोठ्यात उभ्या उभ्या, बोटांनी, भिंतीकडे तोंड करून जेवली. अन्न गार होतं, भात टणक झाला होता, राजम्यावर तुपकट साय धरली होती. चव अशी होती की ती मध्येच थांबली. आपल्यासाठी कुणी शेवटचं कधी शिजवलं होतं हे आठवायचा तिने प्रयत्न केला. आठवलं नाही.

त्या रात्री तिने क्रॉसची खूण करून क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाल्लं.

ऑक्टोबरात जॅकेट परत घेतलं गेलं. हिरव्या डब्यांची गाडी नेमाने यायला लागली होती, बायका दारात उभ्या राहून डबे देत होत्या, यूरानी दुसऱ्या गावाला गेली होती. गाव शिकलं. हिल्दार्दोची बायको तर गाडीवाल्याला उशीर झाला की नगरपालिकेत फोन करायची. रस्त्यात नुबिया भेटली की लोक आपुलकीने विचारायचे, "बरं चाललंय ना?" ती म्हणायची, "चाललंय." हातात एकच बादली घेऊन चढ चढणारी बाई पाहून कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

खाण्याबद्दल तिला जितकं वाईट वाटे, त्याहून जास्त डिसेंबराची धास्ती होती. एका नाताळला एल्विराबाईंनी केळीच्या पानातला तुकडा उलगडून बघत म्हटलं होतं, "त्याच्याकडून एवढंच परत येतं बघ." दर नाताळच्या आदल्या रात्री त्या तो तुकडा तळायच्या, एकटीने खायच्या, आणि वर्ष सरलं म्हणायच्या. वर्षभर वाढलेली ताटं कुठेतरी जातात, कशात तरी मुरतात, आणि तुकडाभर का होईना घरी येतात, यावर त्या म्हातारीचं पुढचं वर्ष उभं राहायचं. या वर्षी काही आलं नाही तर डुकरं नाहीत हे उघड होईल. डुकरं नाहीत हे कळलं की ताटाचं काय होतं तेही कळेल. 

तिने जॅकेटच्या कामातले उरलेले सगळे पैसे खिशात घातले आणि बाजारच्या खाटकाकडे गेली. सत्तावीस वर्षांत ती त्याच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून कधी गेली नव्हती.

"वाट चुकलात काय, नुबियाबाई?" खाटीक म्हणाला.

"कातडीसकट दे. चरबी जाड असलेला. आणि आतडं दे एक हात."

घरी येऊन तिने बादली राखेने घासली, केळीचं पान निखाऱ्यावर शेकून मऊ केलं, मांस गुंडाळलं, सुतळीने बांधलं. तेवीस तारखेच्या सकाळी नेऊन दिलं.

एल्विराबाईंनी पुडकं टेबलावर ठेवलं, चष्मा लावला आणि सुतळी सोडली. आधी आतडं बाजूला केलं. मग मांसाच्या कडेच्या चरबीवर अंगठा दाबला. थोडा वेळ तसाच दाबून ठेवला. अंगठा उचलला तेव्हा चरबीवर खूण उमटली नव्हती.

नुबियाला ते दिसलं. खरकट्यावर वाढलेल्या डुकराची चरबी पिवळट असते, मऊ असते, बोट रुततं, हाताला तुपकट वास राहतो. हे तिला माहीत नसेल तर कुणाला असणार? आयुष्य त्यातच गेलं होतं. पण दुकानातल्या मांसाकडे तिने गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहिलं होतं, जाड आहे ना, पुरे. ही चरबी पांढरीशुभ्र होती, मेणबत्तीसारखी कडक.

"पांढरी आहे," एल्विराबाई म्हणाल्या.

"भाच्याने शेवटी शेवटी मका घातला असेल."

"असेल."

"तिथं मका स्वस्त असतो."

"हो का?"

एल्विराबाईंनी पान पुन्हा होतं तसं गुंडाळलं, सुतळीच्या जुन्या गाठीवरच गाठ मारली. चष्मा काढून पदराला पुसावा तसा ॲप्रनला पुसला, बराच वेळ पुसला. टेबलाच्या टोकाशी टोपलीखाली कालचं ताट अजून होतं. त्यांनी ते नेहमीप्रमाणे पानावर एकेक ठेवून बादलीत घातलं आणि बादली नुबियाच्या हातात दिली.

"जपून जा," त्या म्हणाल्या. "लांब जायचं आहे तुला."

त्या दिवशी नुबियाला घास गिळवला नाही. पण टाकवेनाही. संध्याकाळी तिने ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. चौदा नंबरच्या पायरीवर बादली नव्हती. जिरेनियमची कुंडी खाली जमिनीवर होती आणि हिरवा डबा सरळ उभा होता, झाकण लावून. नुबियाने ते उघडून पाहिलं. आत कांद्याची सालपटं होती, केळ्याच्या साली, अंड्याची दोन टरफलं, कॉफीचा चोथा. कागदावरच्या चित्रात होतं तसंच. शिजवलेलं काही नव्हतं.

"आत ये," एल्विराबाईंनी हाक मारली.

टेबलाच्या टोकाला ताट होतं. त्यावर फडकं नव्हतं, टोपली नव्हती. शेजारी चमचा ठेवला होता, जुना, दांड्याला तार गुंडाळलेला. नुबियाने त्या घरात तो चमचा भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला पाहिला होता, फोटोच्या खाली. आता खिळा रिकामा होता.

कालचं ताट आज काढून ठेवलंय, असं तिला वाटलं. बादली शोधावी म्हणून ती पुढे झाली, आणि मग राजम्यातून वाफ निघताना दिसली.

"बस," एल्विराबाई म्हणाल्या. "गार होईल."

"एल्विराबाई, हे तर... आता सकाळ आहे."

"पहाटेच उठून केलं. बस."

नुबिया उभीच राहिली. एल्विराबाईंनी खुर्ची ओढली. इतकी वर्षं ती कुणी ओढली नव्हती, खुर्चीचे पाय फरशीला चिकटल्यासारखे झाले होते, त्यांना दोन्ही हात लावावे लागले. नुबिया बसली. ताटाला हात लावला तर चटका बसला. तिला काहीतरी बोलायचं होतं, खोटं बोलले म्हणायचं होतं, पण तोंडात घास होता.

एल्विराबाई समोर बसून तिच्या हाताकडे बघत होत्या.

"मीठ बरोबर आहे का?" त्यांनी विचारलं. "मी जेवते त्यात मीठ घालत नाही, डॉक्टरने सोडायला लावलंय. त्याच्या ताटात अंदाजाने घालते. इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही."

नुबियाने चमचा खाली ठेवला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. मग ताटाकडेच बघत म्हणाली, "रोज बरोबर असतं."

एल्विराबाईंनी मान हलवली. त्यांना धक्का बसला नाही, राग आला नाही. चार महिने खाल्लंस का, असंही विचारलं नाही. त्या फक्त थकलेल्या दिसत होत्या, खूप लांबून चालत आलेल्या माणसासारख्या.

बाहेर गाडीचा आवाज आला. चढावर तिचं इंजिन घुरघुरलं, दाराशी थांबलं. डबा उचलल्याचा, आपटून रिकामा केल्याचा आणि पुन्हा पायरीवर ठेवल्याचा आवाज झाला. गाडीवाल्या माणसाने "झालं, आजी!" अशी आरोळी दिली आणि गाडी पंधरा नंबरकडे गेली. एल्विराबाई ती वळणापलीकडे जाईपर्यंत ऐकत राहिल्या.

"ती मुलगी भेटते का तुला कधी?" त्यांनी विचारलं. "ती कागदवाली?"

"दुसऱ्या गावाला असते आता."

"भेटली तर सांग," एल्विराबाई म्हणाल्या. त्यांनी समोर पडलेला भाताचा एक दाणा बोटाने टिपून ताटाच्या कडेला लावला. "उद्यापासून कमी शिजवीन म्हणावं."

नुबियाने ताट शेवटच्या शितापर्यंत पुसून खाल्लं.